गोतीर्थांतील पंधरवडा

ऑक्सफर्ड या नांवाचा मूळ अर्थ बैलांनीं नदी ओलांडण्याचा उतार असा आहे. सायणभाष्यासहित ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळांत छापून काढणारे पंडित मॅक्स म्यूलर म्हणूनच स्वतःस 'गोतीर्थनिवासी' म्हणवीत. अशा या नगरांत इंग्रजीच्या शिक्षकांसाठीं भरलेल्या दोन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गास बसण्याचा योग मला सेवानिवृत्तीनंतर आला. तेथें पाहिलें-ऐकलें त्यांपैकीं घरोघरच्या मुलांच्या उपयोगीं पडेल तेवढेंच येथें सांगतों.

वर्गांत पोलंड, जपान, ब्राझील, तुर्कस्थान अशा नाना देशांचीं माणसें होतीं. सर्वच आपापल्या गांवीं इंग्रजी शिकविणारीं; परंतु पहिल्या दिवशीं तोंड उघडण्यास कोणी धजेना. ग्रंथांतील इंग्रजी सर्वांस येत होतें. भय होतें तें उच्चाराचें. एक जपानी बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या वर्गांतील मुलें बोलत नाहींत, कारण मीच त्यांच्यापुढें बोलण्यास भितें." हें ऐकून आपल्याकडील कितीतरी शाळा माझ्या डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या.

आमच्या अध्यापिकाबाईंनीं व्याकरणास हात न लावतां फळ्यावर तीन शब्द लिहिले: फोटोग्राफ, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. पहिल्यांत आघात पहिल्या अक्षरावर, दुसऱ्यांत दुसऱ्यावर व तिसऱ्यांत तिसऱ्यावर. आघात सरकला कीं शेजारचे स्वर पुसट होतात. आपण मराठी माणसें प्रत्येक अक्षरास सारखाच मान देतों, म्हणून आपलें इंग्रजी शुद्ध असूनहि तेथील कानास परकें वाटतें. 'रेकॉर्ड' या शब्दांत पहिल्या अक्षरावर जोर दिला तर नाम होतें, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. येथें मला इन्द्रशत्रूची कथा आठवली. त्वष्ट्याच्या यज्ञांत एका स्वराची चूक झाली आणि इन्द्रास मारणारा उपजावयाच्या ऐवजीं इन्द्राच्या हातून मरणारा वृत्र उपजला! ही कथा मीं वर्गांत सांगितली, तेव्हां आघाताचें महत्त्व सर्वांस एकदम पटलें.

आपल्या शिक्षाग्रंथांचा असाच उपयोग आणखीहि झाला. वकाराचें स्थान त्यांत दन्त्योष्ठ सांगितलें आहे. वरचे दांत खालच्या ओठास टेकविले कीं व्ही. दांतांस सुटी देऊन दोन्ही ओठ वाटोळे केले कीं डब्ल्यू. जपानी बाईंस र व ल यांतील भेद साधेना. लकारास जिभेचा शेंडा दांतांच्या मुळाशीं टेकतो आणि इंग्रजी रकारास तो कोठेंहि न टेकतां राहतो, हें मीं त्यांस हाताच्या बोटांनीं दाखविलें. अखेरच्या दिवशीं त्यांनीं सर्वांदेखत एक पानभर उतारा मोठ्यानें वाचला. दोन ठिकाणीं अडखळल्या, परंतु थांबल्या नाहींत.

संध्याकाळीं मी नगर पाहत हिंडें. क्राइस्ट चर्च कॉलेजची घंटा रात्रीं ९ वाजून ५ मिनिटांनीं १०१ ठोके देते. ग्रिनिचच्या मागें पांच मिनिटें असलेला ऑक्सफर्डचा जुना स्थानिक काळ तिनें अद्याप सोडलेला नाहीं. ब्रॉड स्ट्रीटच्या टोंकाला इंडियन इन्स्टिट्यूटची जुनी वास्तु आहे. ती उभारण्यासाठीं खटपट करणारे मोनियर विल्यम्स १८१९ सालीं मुंबईस जन्मले. ज्या संस्कृत अध्यासनावर ते होते, त्यासाठीं द्रव्य ठेवणारे कर्नल बोडन मुंबईच्या फौजेंतील. हेतु ख्रिस्ती धर्मप्रसाराचा होता. फळ मात्र संस्कृत कोशाचें मिळालें.

पण माझें मन रमलें तें बॅनबरी रोडवरील ७८ क्रमांकाच्या घरापाशीं. चौदाव्या वर्षीं शाळा सोडावी लागलेला आणि पुढें शाळामास्तर झालेला जेम्स मरे येथेंच बागेंतील पत्र्याच्या खोलींत इंग्रजीचा महाकोश रचीत बसे. पहिला भाग १८८४ त निघाला, ग्रंथ १९२८ त पुरा झाला. मरे १९१५ तच निवर्तले. जगभरच्या सामान्य वाचकांनीं पाठविलेल्या चिठ्ठ्यांवर तो कोश उभा राहिला. इंग्रजीचें भांडार असें अनेकांच्या हातांनीं भरलेलें आहे. मग तिच्यापुढें आपल्याच मुलांनीं चोरासारखें कां उभें राहावें?

तेव्हां वाचकांस एवढीच विनंति आहे. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं घरांतील एका मुलानें दहा मिनिटें इंग्रजी मोठ्यानें वाचावें व वडील माणसांनीं शांतपणें ऐकावें. चूक झाली तर वाचन संपल्यावर सांगावी, मध्यें कोणी हंसूं नये. घरांतील सुनांनीं व आजोबांनींहि आपली पाळी घ्यावी. म्हणजे मुलांची भीड आपोआप मोडेल.