रुपयाचं नाणं

विचुंब्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात अब्बांची एकच मिळकत उरली आहे. बेगम अख्तर यांच्या ग़ज़लांची एक एल. पी. तबकडी. अब्बांचा जुना प्लेयर भंगारात गेला, तेव्हा आम्ही बी. एड. करत होतो. तबकडी मात्र अम्मीने कपड्यांच्या पेटीत जपली.

गेल्या वर्षी ईदच्या सुट्टीत आम्ही सुटकेससारखा एक प्लेयर आणला. पाच हजारांच्या आतला. उर्दू शाळेतल्या मास्तराची झेप तेवढीच. पहिल्याच दिवशी सुई उड्या मारू लागली. कुणी तरी म्हणालं, सुईच्या डोक्यावर नाणं ठेवा. आम्ही रुपया ठेवला. उड्या थांबल्या. दोन महिने आम्ही खुशीत होतो.

एका रात्री अम्मी म्हणाली, "बेटा, ऊपर जा के उनकी आवाज जरा फटती थी. वो कहाँ गई?"

त्या फाटण्याला जाणकार 'पत्ती' म्हणतात. बेगमसाहिबांच्या गाण्याची ती ओळखच. आमच्या पेटीतून नुसती घरघर येत होती.

मग आम्ही सोनाराकडला छोटा वजनकाटा मागून आणला. सुईचा दाब भरला सहा ग्रॅम आणि नाण्यासकट दहाच्या घरात! चांगल्या चुंबकीय सुईला दोन ग्रॅमच्या आसपास पुरतात. आमची सुई तबकडीची खाच खरवडत होती. आणि उड्यांचं कारण वेगळंच निघालं. स्पीकर त्याच पेटीत, सुईही त्याच पेटीत. गाण्याची थरथर फिरून सुईपर्यंत पोहोचत होती. दोष पेटीचा आणि दाबत होतो आम्ही सुईला. वर्गात अडखळणाऱ्या पोरावर आवाज चढवतो, त्याची आठवण होऊन आम्ही ओशाळलो.

पुढच्या रविवारी हार्बरने सँडहर्स्ट रोड गाठलं. चोरबाजारातून दोन जुने स्पीकर आणि एक छोटा अॅम्प्लिफायर आणला. पेटीतल्या स्पीकरच्या तारा सोडवल्या आणि मागच्या आउटपुटमधून नव्या ओढल्या. प्लेयरखाली कडप्पा ठेवला, कडप्प्याखाली रबरी चेंडूंचे अर्धे तुकडे. सॅफायरची झिजलेली सुई काढून हिऱ्याची बसवली.

राहिली गती. एल. पी. मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर 100. फिरत्या चकतीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि दोन्ही मुलींना मोजायला बसवलं. फेरे भरले 103. म्हणजे बेगमसाहिबा दोन महिने आमच्याकडे घाईघाईने गात होत्या! मोटारीतला बारीक स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा मोजलं, पुन्हा फिरवला. पाचव्या खेपेला शंभर भरले. गणिताचा एवढा खरा तास आम्ही शाळेत कधी घेतला नव्हता.

त्या रात्री नाण्याशिवाय सुई टेकवली. एकही उडी नाही. आवाज वर चढला आणि ऐन जागी तडकला. अम्मी सावरून बसली. पण त्या तडकण्यामागे एक कोरडी खरखर चालूच होती. आम्ही अॅम्प्लिफायरची बटणं चाचपू लागलो.

"रहने दे," अम्मी म्हणाली. "ये फटना उनका है. वो खरखर तुम्हारी."

खाच एकदा खरवडली की भरून येत नाही. तो रुपया आम्ही आता शाळेच्या टेबलाच्या खणात ठेवला आहे.