पत्ता शेवटून वाचावा

पुणेकर पत्ता सांगताना आधी खूण सांगतो, मग गल्ली, मग पेठ. पोस्टमन मात्र शेवटचा आकडा आधी बघतो. ‘शनिवारवाडा’ ही पाटी कुणीही कुठल्याही घरावर लावू शकतो. ४११०३० म्हटलं की पत्र सदाशिव पेठेकडेच जाणार. पासपोर्ट-व्हिसाच्या कागदपत्रांचं काम मी अठरा वर्षं करते आहे. इतक्या वर्षांत लोकांना सर्वांत जास्त वेळा सांगितलेली गोष्ट हीच आहे.

गेल्या पावसाळ्यात कोथरूडचे एक काका-काकू आले. लेक न्यू जर्सीत, वर्षाआड एक फेरी ठरलेली. अमेरिकेत उतरल्यावर तपासणीच्या लांब रांगेतून सुटका करणारं ‘ग्लोबल एंट्री’चं सदस्यत्व दोघांनी घेतलं होतं. भारतीय नागरिकांना ते २०१७पासून मिळतं आणि पाच वर्षं चालतं. मुदत संपत आली म्हणून काकांनी फोनवर शोधलं, सगळ्यात वर आलेल्या नावावर बोट ठेवलं आणि दोघांचे पैसे भरले. तीन आठवडे झाले तरी काहीच हालचाल नव्हती.

मी फोन हातात घेतला. गडद निळी पट्टी, गरुडासारखं चिन्ह, ठळक बटण. पत्त्यात ‘ग्लोबल एंट्री’ हे शब्द होते, पण शेवट ‘डॉट कॉम’. शोधलेल्या यादीत त्या नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे देऊन मिळवलेली पहिली जागा. पानाच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत, ‘आमचा सरकारशी संबंध नाही’. सरकारी शुल्क १२० डॉलर. यांनी त्यावर माणशी भरघोस ‘सेवाशुल्क’ घेतलं होतं. आणि ओटीपी आलाच नव्हता. परदेशी व्यापारी कार्डावरून बऱ्याचदा ओटीपीशिवायच पैसे घेतात. कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून स्वतः बंद ठेवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०२०पासून करून दिली आहे. ती प्रत्येकाने वापरावी. लागेल तेव्हा दहा मिनिटं चालू करायची.

पैशांपेक्षा मला काळजी वाटली ती माहितीची. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, पाच वर्षांतले पत्ते, नोकरीचा तपशील, सगळं त्यांच्या हाती गेलं होतं. उद्या हेच सगळं अचूक सांगून कुणी फोन करेल, “तुमचा अर्ज अडकलाय” म्हणेल आणि खरा वाटेल.

“लेकीला सांगू नका,” काका हळूच म्हणाले. हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि दर वेळी पोटात तुटतं. चाळीस वर्षं कारखान्यात चोख हिशेब ठेवलेला माणूस लाजेपायी तीन आठवडे गप्प बसतो, आणि वेळ हातची जाते. १९३० या क्रमांकावर तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आम्ही तिथूनच १९३०ला आणि बँकेला फोन लावले, कार्ड बंद केलं.

घाई तर मुळात नव्हतीच. मुदतीआधी अर्ज केला, तर तो तपासणीत असताना सवलती जास्तीत जास्त २४ महिने चालू राहू शकतात. हे ठाऊक नसल्यामुळेच ‘आजच भरा’ची लाल पट्टी काम करून जाते.

आपल्याकडेही हेच चालतं. पासपोर्टच्या बनावट संकेतस्थळांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने नावांनिशी इशारा दिलेला आहे. खरं संकेतस्थळ ‘पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन’. ३६ पानी पुस्तिकेच्या साध्या रि-इश्यूचे १५०० रुपये तिथेच भरायचे आणि मुंढव्याच्या केंद्रातली वेळही तिथेच घ्यायची. केंद्र सरकारने २०२४मध्ये विमानतळांवर जलद तपासणीची योजना आणली, मुंबईत ती जानेवारी २०२५मध्ये आली. भारतीयांसाठी ती विनाशुल्क सुरू झाली, तरी तिच्यासाठी ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणारे भेटतातच. माझ्यासारखी माणसंही मदतीचे पैसे घेतात. पण सरकारी पावती वेगळी आणि आमची वेगळी, एवढं तरी मागून घ्या.

आठवड्याने दोघं पुन्हा आले. या वेळी मी संगणकाला हात लावला नाही. काकूंनी चष्मा पुसला, पत्त्यातल्या पहिल्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं आणि तिथून मागे मागे, टिंब-टिंब मोजत, मोठ्याने वाचू लागल्या: “जीओव्ही… डीएचएस… सीबीपी… टीटीपी.” मग काकांकडे वळून म्हणाल्या, “हं, आता भरा.”