पन्नास शब्दांची परीक्षा

परीक्षा दोन जातींच्या असतात. उमेदवाराला काय येते हे पाहणारी ती पहिली. आणि त्याला काय येत नाही हे हुडकून काढणारी ती दुसरी. दुसऱ्या जातीच्या परीक्षेला आपण सारेच कधी ना कधी बसलेलो असतो, तेव्हा तिची निराळी ओळख करून द्यायला नको. पण या जातीची शिरोमणी शोभावी अशी परीक्षा ऑस्ट्रेलियाने काढली होती. ती अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू होती आणि १९०९ नंतर तिच्यात एकही जण उत्तीर्ण झाला नाही!

१९०१ सालच्या कायद्याचा हेतू एवढाच, की गोऱ्यांखेरीज कुणी त्या देशात येऊ नये. परंतु कायद्यात तसे उघड लिहिणे लंडनच्या सरकारला अडचणीचे होते. तेव्हा युक्ती निघाली. बंदरावर उतरणाऱ्या नकोशा माणसाला ५० शब्दांचा एक उतारा कोणत्याही युरोपीय भाषेत वाचून दाखवायचा आणि त्याने तो लिहून काढायचा. भाषा कोणती, हे अधिकाऱ्याने ठरवायचे. पाहुण्याला इंग्रजी येत असेल तर फ्रेंच काढावी. फ्रेंच येत असेल तर आणखी एखादी.

१९३४ साली एगॉन किश नावाचा प्रागचा लेखक तिथे पोचला. नाझींविरुद्ध बोलणारा हा गृहस्थ सरकारला नको होता. पण त्याला युरोपातल्या कितीतरी भाषा येत! शेवटी त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत उतारा घालण्यात आला. अर्थातच तो नापास झाला. पुढे प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले आणि कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे, असा निकाल लागला. स्कॉटिश वंशाच्या मंडळींना तो निकाल किती रुचला असेल याची कल्पनाच करावी.

ही परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली. पण खरी मौज पुढेच आहे. त्याच सरकारने १९४८ पासून नव्याने येणाऱ्यांना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली होती. महायुद्धाने बेघर झालेली युरोपातली माणसे बोनेगिलाच्या छावणीत उतरत आणि तिथे त्यांचे धडे सुरू होत. भर समुद्रात, जहाजावरही वर्ग भरत. म्हणजे दहा वर्षे एकाच घराच्या पुढच्या दाराशी भाषेची काठी होती आणि मागच्या अंगणात भाषेची शाळा! हे सारे भूतदयेने चालले होते असे मात्र नव्हे. धरणे बांधायला आणि कारखाने चालवायला हात हवे होते. आणि हातांना सूचना कळायला हव्या होत्या.

पण चांगल्या गोष्टीचा उगम फार खणू नये. तो वर्ग आजही चालू आहे. कायम राहायला आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला तिथे फी पडत नाही. पूर्वी ५१० तासांची मर्यादा होती. २०२१ मध्ये तीही काढून टाकली. आणि माझ्यासारख्या संसारी बाईला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की आई वर्गात असताना तिचे शाळेत न जाणारे मूल सांभाळण्याची सोयही सरकारच करते. ज्याने कुणी हे कलम सुचवले त्याला बायकांचे शिक्षण कुठे अडते ते नेमके ठाऊक असले पाहिजे.

लेकीकडे मेलबर्नला गेले होते तेव्हा तिथल्या ग्रंथालयात इंग्रजी संभाषणाच्या मोफत तासाला मी जाऊन बसत असे. एक निवृत्त शिक्षिका तो हौसेने घेत. तिथे एका अफगाण बाईंशी माझी मैत्री झाली. तिची आणि माझी इंग्रजी जेमतेम एका वजनाची, त्यामुळे गप्पा छान रंगत. ती म्हणाली, “पहिली दोन वर्षे दवाखान्यात माझा मुलगाच माझ्यासाठी बोलायचा. तो दहा वर्षांचा. बाईचा आजार मुलाला कसा सांगू? मी म्हणायची, डोके दुखते.” मग एका डॉक्टरिणीने फोन उचलून दुभाष्या बाईंना जोडून घेतले आणि मुलाला बाहेर खेळायला पाठवले. “त्या दिवशी मी सगळे बोलले,” ती म्हणाली.

दूरध्वनीवरची ही दुभाषांची सोय १९७३ ची. गोऱ्यांपुरते धोरण औपचारिकपणे संपले तेही त्याच साली. पुढे १९७५ मध्ये परभाषांतील नभोवाणी आली, १९८० मध्ये बहुभाषी दूरचित्रवाणी. आता मेलबर्नच्या मोठ्या चौकात दिवाळीही थाटात होते. मला तिचे कौतुक आहे. परंतु दुसऱ्याचा लाडू गोड लागणे ही काही मोठी परीक्षा नव्हे. त्या आईला डोक्याखेरीज दुसरेही काही दुखते हे सांगता यावे, यासाठी तिच्या भाषेवर पैसा खर्च करणे, हे खरे अवघड.

तिथून परतल्यापासून आपल्याकडचे एक वाक्य कानाला टोचते: “इथे राहायचे तर मराठी शिकलेच पाहिजे.” वाक्यात वावगे काही नाही, मराठीवर माझेही प्रेम आहे. पण शिकवणार कोण? भाजीवाला भय्या अडखळत “ताई, मेथी ताजा आहे” म्हणतो, आणि आपण लगेच हिंदीत भाव करू लागतो. परीक्षा घ्यायला सारे तयार. शिकवणीला कुणी नाही.

यंदा दिवाळीच्या खरेदीला जाल तेव्हा त्याच्याशी मराठीतच बोला, थोडे सावकाश. “ताजी आहे” एवढे सांगा आणि मेथी घ्या. पन्नास शब्द व्हायला फार दिवस लागणार नाहीत.