पेशीतली चूल

नववीच्या वर्गात मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची चूल, असे मी सांगत होते. "बाई, चूल बिघडली तर?" एका मुलीने विचारले. धूर होतो, म्हटले. ऑक्सिजनचे घातक रेणू बाहेर पडतात, केंद्रकातला डीएनए तुटतो. दुरुस्तीतल्या चुका साचल्या, की कर्करोगाला वाट मिळू शकते. आपल्या भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलच्या संशोधकांनी गॅसकांडातल्या मिथाइल आयसोसायनेटच्या जातकुळीचे रसायन मानवी पेशींवर वापरून डीएनएची मोडतोड पाहिली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गॅसकांडाच्या वेळी गर्भात असलेल्या पुरुषांत कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले.

इथे मी अडखळले. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे आई ओला पदर तोंडावर धरून पळाली, तेव्हा धाकटा भाऊ तिच्या पोटात होता. तो ठणठणीत आहे. तपासणीचे नाव काढले की हसतो. संध्याकाळी त्याला पुन्हा फोन केला. "बरं, जातो," म्हणाला.