पतंग घेऊन कोकणात येऊ नकोस

गंगाखेड, जि. परभणी
कार्तिक पौर्णिमा

चि. सोनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत पतंग आणि फळी घेऊन तारकर्लीला आलं तर चालेल का, असं तू विचारलंस. आणि कोकणाला एवढा मोठा किनारा असून या खेळाचं, काइटसर्फिंगचं, नाव तिकडं फारसं कानावर का येत नाही, हेही. पहिल्याचं उत्तर ‘नको’. दुसऱ्याचं लांबलचक आहे, आणि मामा भूगोलाचा मास्तर निघाला त्याला तुझा इलाज नाही.

तुझ्या खेळाला निदान १२ ते १५ नॉटचा वारा लागतो, म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटर. तो एकसारखा हवा आणि किनाऱ्याला तिरका किंवा समांतर हवा. हिवाळ्यात मालवणच्या बाजूला दोन वारे पाळीपाळीनं येतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडं जातो तो मतलई, दुपारनंतर समुद्रावरून येतो तो खारा. इंजिनं नव्हती तेव्हा शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडायच्या आणि खाऱ्यावर घरी यायच्या. मच्छीमाराला एवढं पुरत होतं, तुला पुरणार नाही. डिसेंबरातला खारा वारा उशिरा उठतो, बेताचा असतो आणि दिवस कलला की पडतो. मतलई तर तुझ्या कामाचाच नाही; त्यानं पतंग भरला तर तू किनारा सोडून मस्कतच्या वाटेला लागशील. फेब्रुवारीपासून दुपारचा वारा जोर धरतो, म्हणून गोव्यात मोरजी-मांद्र्याच्या बाजूला या खेळाच्या शाळा त्या दिवसांत चालतात.

खऱ्या जोराचा वारा कोकणात येतो तो जूनमध्ये. पण तेव्हा समुद्राकडं बघवत नाही. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या, पर्यटकांचे पाण्यातले खेळही बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय जुना कोळी नाव लोटत नाही. म्हणजे बघ, वारा आहे तेव्हा पाणी बंद आणि पाणी खुलं आहे तेव्हा बहुतेक दिवस वारा बेताचा. कोकणी माणूस आळशी म्हणून हा खेळ तिथं वाढला नाही, असं तुझा बाप फोनवर म्हणाला. त्याला हे वाचून दाखव.

जूनचा हाच नैऋत्य वारा पुढं सह्याद्री चढतो, पाणी तिथंच ओततो आणि बराचसा रिकामा होऊन आपल्याकडं येतो. मृग लागलं की आपल्या पट्ट्यात कपाशी-सोयाबीनवाले त्याच्याकडं डोळे लावून बसतात, आणि तो ढग पळवून नेतो. खाली दक्षिणेत त्याची तऱ्हा आणखी वेगळी. पालघाटच्या आणि आरलवायमोळीच्या खिंडीतून तो सुसाट घुसतो; कन्याकुमारीजवळ मुप्पंदलला पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं ते त्याच्याच जिवावर. घाटाच्या आडोशाला असल्यामुळं तुतिकोरिन आणि रामेश्वरला त्या महिन्यांत पाऊस जवळजवळ नसतो, वारा मात्र दिवसभर. खेळाच्या शाळा तिथं निघाल्या त्या यामुळं. पलीकडं श्रीलंकेत कल्पिटीय या कोळ्यांच्या गावी मे ते ऑक्टोबर जगभरचे पतंगवाले जमतात, तेही याच वाऱ्यावर.

पतंगानं माणूस ओढण्याची कल्पना मात्र कालपरवाची नव्हे. ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉकनं १८२६ मध्ये पतंगांनी ओढायच्या घोडागाडीचं, म्हणजे बिनघोड्याच्या गाडीचं, पेटंट घेतलं. तोही शाळामास्तरच होता, हे मी मुद्दाम सांगतो. १९०३ मध्ये सॅम्युएल कोडीनं पतंगाला बांधलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. अडचण एकच राहिली होती: पतंग पाण्यात पडला की संपलं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या लगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट घेतलं. तो पाण्यावर तरंगतो आणि तिथूनच पुन्हा उडवता येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रावर हा खेळ पहिल्यांदा आला. आपल्या संक्रांतीच्या पतंगाला कुणी एवढं डोकं लावलं नाही. आपलं सगळं डोकं मांज्यात.

आता वाऱ्यापेक्षा मोठी गोष्ट. तारकर्लीशेजारचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी जीभ. फोटोत तुला ती मोकळी दिसली असेल. त्या वाळूत रापण ओढतात. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडं वीस-पंचवीस माणसं, बायाबापड्यांसह, ते ओढत बसतात. मासळी आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. कुणाला मूठभर तारली, कुणाला टोपलीभर बांगडा. तुझ्या पतंगाच्या दोऱ्या वीस मीटरहून लांब, ताणल्या की सुरीसारख्या. दोर ओढणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून त्या जाणं मला तरी मान्य नाही.

या लोकांनी आधीच बरंच सोसलंय. गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध मोठं आंदोलन उभारलं, मातान्ही साल्ढाना त्यांचे पुढारी. १९८० मध्ये तिथं मासेमारी नियमनाचा कायदा आला. सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांचे बोटवाले यांचा वाद अजून धुमसतो आहे. त्यात पर्यटकांचे खेळ हा तिसरा वाटेकरी. काही कोळ्यांच्या घरांत आता न्याहारी-निवास चालतो आणि पोरं स्कूबाला नेतात; त्यांना पैसा मिळतो, त्याबद्दल मी नाक मुरडणार नाही. फक्त पतंग उघडायच्या आधी तिथल्या रापण संघाच्या माणसाला विचारायचं. किनारा त्यांचा कामाचा पट्टा आहे, जसं आपलं खळं. खळ्यात मळणी चालू असताना कुणी क्रिकेट मांडलं तर आजोबा काय करायचे, तुला आठवत असेल.

तेव्हा असं कर. डिसेंबरात मालवणला ये, पतंग न घेता. रापण ओढू लाग, दोराला हात लावलास तर कुणी नाही म्हणणार नाही. पतंगासाठी जानेवारीत रामेश्वरला जा. तोवर तिकडचा पाऊस ओसरतो आणि ईशान्येचा वारा चांगला असतो. पांबनचा नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, आगगाडी थेट बेटावर जाते. धनुष्कोडीही बघ, १९६४ च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळानं ते गाव पुसून टाकलं. समुद्राशी खेळणाऱ्यानं ती जागा बघितलेली बरी. आपल्या घरातून रामेश्वरला गेलेली शेवटची बाई म्हणजे तुझी पणजी, गंगाजल घेऊन. तू फळी घेऊन जाशील. आजीला आधी सांगू नकोस, मी सांगतो.

तिथला खरा जोराचा वारा हवा असेल तर मात्र सुट्टी जून-जुलैत काढावी लागेल. नोकरीत जमतं का ते बघ, आणि तिकीट काढायच्या आधी मला तारखा कळव.

तुझा
मामा