रिमोट काढून घेतल्यावर

2023 सालच्या जुलै महिन्यात माझी आई सिनेमाला गेली. वय वर्षे एकोणऐंशी, दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाबाची गोळी चौदा वर्षांपासून चालू. चित्रपटगृहाची पायरी तिने किती वर्षांत चढली नव्हती हे तिलाही आठवत नव्हते. पण 30 जूनला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' प्रदर्शित झाला आणि सहा बहिणींच्या त्या गोष्टीने महाराष्ट्रातल्या बायका घोळक्याने घराबाहेर काढल्या. आमच्या कर्जतच्या आळीतील भिशीमंडळही त्यात होते. नऊ जणी, एक भाड्याची गाडी, पनवेलपर्यंतचा प्रवास आणि येताना वडापाव. रात्री अकरा वाजले तरी आईची बडबड थांबेना. मी रक्तदाब मोजला, तो उत्तम होता. सायंकाळची गोळी घ्यायला ती विसरली होती, हे मला दुसऱ्या दिवशी समजले. (सिनेमा हा गोळीला पर्याय आहे, असा अर्थ कृपया कुणी काढू नये.)

हे आधी सांगितले, कारण पुढे जे झाले त्यात हे भिशीमंडळ पुन्हा यायचे आहे.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. 17 जुलैला दीप अमावास्या झाली, घरोघरी दिवे उजळले गेले. त्यानंतर दोन दिवसांनी, 19 जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची वाडी. अठ्ठेचाळीस घरे, 228 माणसे. वर जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे चढू शकली नाहीत, म्हणून माणसांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली. 23 जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले, तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते आणि 57 जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले. आपल्या रायगड जिल्ह्याने 2005 चा जुलै पाहिला होता, 2021 साली महाड तालुक्यातले तळिये पाहिले होते. तरीही हे कोसळणे आमच्या अगदी उंबऱ्याशी होते.

पहाटे मी औषधांची पेटी घेऊन पायथ्याशी पोहोचलो. पाऊस इतका होता, की समोरचा डोंगर दिसत नव्हता. गिर्यारोहक संस्थांची मुले वर निघाली होती आणि मीही त्यांच्यामागे निघालो. त्यांतल्या एकाला लहानपणी मीच गोवराची लस टोचली होती. तो आडवा झाला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, तुम्ही नका येऊ. तुम्हाला काही झालं तर खाली आणायला आमची चार माणसं लागतील." खरे सांगतो, मला राग आला. मी पन्नाशी ओलांडलेला, स्वतः रक्तदाबाचा रुग्ण, आणि चढ म्हणजे माझ्यासाठी दवाखान्याचा जिना. पण हे मला दुसऱ्याने सांगावे? मी खाली बसलो. त्याच दिवशी बातमी आली, की मदतीसाठी चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. त्या मुलाशी मी पुन्हा त्या विषयावर बोललो नाही. त्याच्यासमोर मान खाली घालण्याचे धैर्य मला काही दिवसांनी झाले.

पायथ्यालाही काम पुष्कळ होते. मुरगळलेले घोटे, कापलेली बोटे, चिखलाने सोलवटलेली पावले, आणि भर पावसात पाणी प्यायचे विसरल्यामुळे आलेली भोवळ. आपल्यापैकी कुणाच्या घरातील मुले-नातवंडे अशा कामाला जात असतील, तर त्यांना दोन गोष्टी अवश्य सांगा. मधुमेह असणाऱ्याला पायाची जखम जाणवतच नाही. त्याने बुटाशिवाय चिखलात उतरू नये आणि परतल्यावर तळवे उजेडात पाहावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. दुसरी गोष्ट लेप्टोस्पायरोसिसची. प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून हा आजार जखमेवाटे शरीरात शिरतो. त्यासाठीचे प्रतिबंधक औषध डॉक्टरांना विचारून घेता येते, आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "मी चिखलात काम केले होते" हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. धनुर्वाताच्या लशीविषयी आपण सारे जाणताच.

मी असा बाहेर शहाणपण वाटत असताना माझ्या घरात काय चालले होते, त्याकडे माझे लक्ष नव्हते.

आई सकाळी सहापासून दूरदर्शन संचासमोर होती. तीच माती, तेच प्लॅस्टिकचे कागद, तोच हंबरडा, दिवसातून पन्नास वेळा. चौथ्या दिवशी सूनबाईंनी मला सांगितले, की आई जेवत नाहीत आणि रात्री झोपत नाहीत. मी रक्तदाब मोजला: 180/100. तेव्हा मी प्रत्येक डॉक्टर-मुलगा करतो तेच केले. संच बंद केला, रिमोट खिशात घातला, गोळीचा डोस वाढवला आणि "आता पूर्ण विश्रांती" असे फर्मान काढले.

वैद्यकशास्त्र त्या क्षणी माझ्या बाजूचे होते. 2013 साली अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा तास किंवा अधिक काळ त्या बातम्या पाहत-ऐकत होते, त्यांनी प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त मानसिक ताण नोंदवला, असे तेथील संशोधकांना आढळले. पडद्यावरची घटना संपतच नाही. शरीराला वाटते, संकट अजून चालूच आहे. नाडी वाढते, झोप उडते, रक्तदाब चढतो. वृद्धांना तर बहुधा दिवसभर सोबत तेवढीच असते. म्हणून बातम्या सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी मुळीच नाही, हा सल्ला मी आजही देतो.

पण आई शांत झाली नाही. ती अंथरुणावर पडून छताकडे पाहू लागली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, मला बातम्या नको होत्या. मी तिला शोधत होते."

पावसाळ्यात आपल्या भागातील बाजारपेठांत ठाकर-कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात, हे आपण जाणता. शेवळे, टाकळा, भारंगी, कर्टोली. त्यांतली एक गेली बारा-पंधरा वर्षे आमच्या ओट्यावर यायची. आई तिच्याकडून कर्टोली घ्यायची, घासाघीस करायची, मग जास्तीचे पैसे द्यायची. त्या पावसात ती आली नव्हती. "तिची वाडी कुठली, मी कधी विचारलंच नाही रे," आई म्हणाली. "नाव पण ठाऊक नाही. नुसतं 'भाजीवाली आली' म्हणायचे. म्हणून ते चेहरे बघत होते."

माझ्या खिशात अजून रिमोट होता. तो मी टेबलावर ठेवला. मी चिंतेचे बाह्य कारण काढून घेतले होते; चिंता तिथेच होती, आणि तिला करण्यासारखे काही मी ठेवले नव्हते.

याच सुमारास आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर औषधांच्या पिशव्या येऊन पडू लागल्या होत्या. मदतीच्या भावनेने लोक जे हाताला लागेल ते आणून देत. अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, ज्यांच्यावरची मुदतीची तारीख कापली गेली आहे. उघडलेले डोळ्यांचे थेंब. फ्रिजबाहेर राहिलेले इन्सुलिन. नाव पुसलेले खोकल्याचे औषध. असली औषधे आपत्तीत उपयोगाची नसतात, उलट वर्गीकरणात माणसे अडकतात. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की रुग्णाला एकदा दिलेली औषधे दान म्हणून परत घेऊ नयेत, आणि दान दिलेल्या औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. ज्याला औषधच द्यायचे आहे, त्याने आधी तेथील आरोग्य पथकाला विचारून, काय हवे आहे ते दुकानातून सीलबंद आणावे.

ओट्यावरचा तो ढीग निवडायला मला वेळ नव्हता. मी आईला विचारले. आईने भिशीमंडळाला फोन केला.

सिनेमाला गेलेल्या नऊ जणींपैकी सात आल्या. दहा ते बारा, पाठ टेकेल अशा खुर्च्या, मध्ये चहा, आणि प्रत्येकीने सकाळची गोळी घेतली आहे याची मी चौकशी करणार, एवढ्या अटी होत्या. एक निवृत्त शिक्षिका भिंगातून तारखा वाचायच्या, दुसरी वहीत लिहायची. ज्यांची दृष्टी अधू होती त्या रिकाम्या डब्या निराळ्या करायच्या. गप्पा अर्थातच चालू. कोणाच्या सुनेचे, कोणाच्या दाढेचे, आणि मध्येच एकदम वाडीचे. मग सगळ्या गप्प. एका पिशवीत रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांचा महिनाभराचा पूर्ण संच निघाला, दिवसांची नावे घातलेल्या डबीसकट. सोमवार ते बुधवार रिकामे, गुरुवारपासून भरलेले. काय झाले असेल ते सगळ्यांना कळले. आईने ती डबी निकामी औषधांच्या ढिगात टाकली नाही, वेगळी ठेवली. मीही काही बोललो नाही.

आठ दिवसांनी तिचा रक्तदाब 146/88 होता. डोस मी वाढवला होता, बातम्याही कमी झाल्या होत्या. श्रेय कोणाला, हे मी सांगू शकणार नाही. पण ती जेवू लागली होती.

हे सावरते आहे असे वाटत असताना 2 ऑगस्टची सकाळ उजाडली. चित्रपटसृष्टीतले नामवंत कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी आपले जीवन संपवले, तेही इथेच, चौक-कर्जत परिसरातल्या त्यांच्या एन. डी. स्टुडिओत. वयाने माझ्याच पिढीतले. 'जोधा अकबर'चा महाल याच मातीवर उभा राहिला होता. 'राजा शिवछत्रपती' ही मालिका आमच्या घरांत जेवणे थांबवून पाहिली जाई, तीही याच स्टुडिओतली. आसपासच्या गावांतील कित्येकांनी तिथे सुतारकाम केले, रंग दिला, गर्दीत मावळे म्हणून उभे राहिले. पुन्हा सगळ्या वाहिन्या, पुन्हा तेच प्रवेशद्वार, आणि तर्कवितर्क. एखाद्याच्या आत्महत्येची कारणे पडद्यावर बसून सोडवू नयेत. ती कधी एकच नसतात.

त्या आठवड्यात खालापूर तालुक्यातील एका गावाहून एक वृद्ध सुतार माझ्याकडे आले. पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला. तक्रार पोटातील जळजळीची. मी गोळ्या लिहिल्या. उठताना ते सहज म्हणाले, "साहेब, एवढा मोठा माणूस गेला. आपलं तर काय राहिलंय." बाहेर वीस रुग्ण होते आणि मी पुढच्याला हाक मारणार होतो. का कोण जाणे, त्यांना पुन्हा बसवले आणि सरळ विचारले, "काका, स्वतःला संपवावं असा विचार मनात येतो का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मान हलवली.

असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, हा गैरसमज आहे. विचारल्याने माणूस बोलू शकतो. मी त्यांच्या मुलाला फोन लावला, त्या रात्री त्यांना एकटे राहू दिले नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. आईच्या बाबतीतला अनुभव ताजा असल्यामुळे मी उत्साहाने त्यांना ओट्यावर यायलाही सुचवले होते. त्यांनी हात जोडले: "नको साहेब. मला माणसं सहन होत नाहीत." चूक माझी होती. नैराश्य हा आजार आहे. ज्याला अंथरुणातून उठणे जड जाते, त्याला "जरा कशात तरी मन रमवा" म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाला फिरायला सांगणे. त्यांना औषध सुरू झाले. महिना-दीड महिन्याने एकदा ते नुसतेच येऊन ओट्याच्या कडेला बसले, चहा घेतला आणि गेले. आपल्या घरात कुणी असे बोलत असेल, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. टेली-मानसचा 14416 हा शासकीय क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 ही एल्डर लाइन आहे.

औषधे दोन आठवड्यांत निवडून संपली. भिशीमंडळ मात्र बुधवारी यायचे थांबले नाही. आता त्या दवाखान्यात येणाऱ्या वृद्धांच्या गोळ्यांवर मोठ्या अक्षरांत 'सकाळ', 'रात्र' लिहून देतात. त्यांचे माझ्याशी दोनदा भांडणही झाले आहे, कारण माझे अक्षर.

निज श्रावण संपता संपता, एका दुपारी, ओट्यावर हाक आली. टोपलीत कर्टोली नव्हती, त्यांचा हंगाम सरला होता. थोड्या काकड्या होत्या. तीच बाई. तिची वाडी इर्शाळगडाकडची नव्हती, माथेरानच्या डोंगराखालची निघाली. पण बहिणीची लेक इर्शाळवाडीत दिली होती. ती पुढे बोलली नाही. आईनेही भाव विचारला नाही. हाताला धरून तिला वर, सावलीत, पाठ टेकेल त्या खुर्चीवर बसवले, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि ते पिऊन होईपर्यंत थांबून म्हणाली, "बाई गं, तुझं नाव काय?"