एक वाटी मिसो

ओकायामा स्टेशनवर मला न्यायला तिघं आली होती. घरातली आई, आजी आणि बारा वर्षांचा मुलगा. मुलाच्या हातात पुठ्ठा होता आणि त्यावर माझं नाव काताकाना लिपीत लिहिलेलं होतं. जपानीत परकी नावं आणि परके शब्द या लिपीत लिहितात. माझ्या आडनावातल्या 'ळ'ला तिथे जागा नाही, त्यामुळे त्याचा 'र' झाला होता. पुठ्ठ्यासमोर उभी राहिले तरी क्षणभर ते नाव मला माझं वाटेना.

२००३ सालचा ऑक्टोबर होता. मी तेवीस वर्षांची होते. पुण्यात चार वर्षं जपानी शिकले होते, परीक्षा दिल्या होत्या. जपानविषयी बाकी जे काही माहीत होतं, त्यातलं बरंचसं पु. लं.च्या 'पूर्वरंग'मधून आलेलं. तीन महिने एका कुटुंबात राहायचं आणि सकाळी भाषेच्या वर्गाला जायचं, असा कार्यक्रम होता. अर्जात आहाराविषयी एक ओळ होती. तिथे मी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'निकु वा ताबेमासेन'. मांस खात नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होतं.

गाडीतून उतरले तेव्हा गल्लीभर गोड, दाट वास होता. कुंपणाखाली बारीक नारिंगी फुलांचा सडा पडला होता. हा किनमोकुसेइ, असं मुलाने सांगितलं. मला पारिजातक आठवला. तोही याच दिवसांत असाच खाली पडलेला असतो.

दारात चपला काढायच्या, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी बूट काढून ऐटीत पायरी चढले. मागून आजी वाकल्या आणि त्यांनी माझे बूट उचलून टोकं दाराकडे करून ठेवले. पाहुणीला बाहेर पडताना सोपं जावं म्हणून. मुलगा रिकाम्या घरात शिरत ओरडला, "तादाइमा!" म्हणजे 'आले मी', शब्दशः 'आत्ताच'. त्याच्याबरोबरच आत आलेल्या आजींनी मागून उत्तर दिलं, "ओकाएरी." आपल्याकडे घरी आलेल्याला 'आलास का?' म्हणतात, तसं. दिसतंच आहे, तरी विचारायचं.

मी आजींना अदबीने 'ओबासान' म्हटलं आणि तिघंही हसू लागली. ओबासान म्हणजे मावशी किंवा काकू. आजीसाठी 'ओबाऽसान', 'बा' लांब. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक मराठीत मी डोळे मिटून सांगितला असता. सत्तरी ओलांडलेल्या आजी म्हणाल्या, "राहू दे, वीस वर्षांनी तरुण झाले."

घरातल्या आईला काय म्हणायचं, हा प्रश्न जास्त कठीण होता. घरात सगळे त्यांना 'ओकाऽसान' म्हणत. रात्री उशिरा आलेल्या त्यांच्या नवऱ्यानेही तशीच हाक मारली. आपल्याकडे मैत्रिणीची आई काकू होते. 'आई' ही हाक जन्मदात्रीला आणि फार तर सासूला. पण जपानी भाषेनेच वाट काढून दिली. बाहेरच्या माणसांशी बोलताना आपल्या आईचा उल्लेख 'हाहा' असा करतात. म्हणजे पुण्याची आई ती हाहा आणि या ओकाऽसान. दोघी दोन शब्दांत नीट बसल्या.

मी नेलेलं बाकरवडीचं पाकीट ओकाऽसाननी उघडलं नाही. आतल्या खोलीत लाकडी देव्हाऱ्यासारखं काही होतं. पूर्वजांची जागा, आजोबांचा फोटो. पाकीट आधी तिथे ठेवलं, उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली. सकाळी शिजलेल्या भातातली पहिली मूदही तिथे जाते, असं आजींनी सांगितलं. नैवेद्य, मी मनात म्हटलं. इथवर मला या घरात काहीच परकं वाटलं नव्हतं, आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला होता.

जेवायला बसलो तर माझ्या पुढ्यात भाजलेला मासा. सावारा, आपल्या सुरमईच्या जातीचा. त्या भागात त्याची अपूर्वाई आहे आणि तो खास माझ्यासाठी आणला होता. माझा अर्ज त्यांनी वाचला होता, नीट वाचला होता. मी 'निकु' खात नाही, आणि मासा हा निकु नाही. निकु म्हणजे गुराचं, डुकराचं, कोंबडीचं. मासा म्हणजे साकाना, वेगळी वस्तू, वेगळा शब्द. हे कुणा सारस्वताला किंवा बंगाली माणसाला समजावून सांगावं लागलं नसतं. शब्दकोशात 'मांस : निकु' वाचून निश्चिंत झालेल्या पुण्यातल्या एका शाकाहारी मुलीला ते ताटापुढे बसल्यावर कळलं.

"माफ करा, मी साकानाही खात नाही," मी म्हटलं. ओकाऽसाननी चटकन तो मासा मुलाच्या पुढ्यात सरकवला आणि मला आणखी तोफू वाढलं. विषय मिटला. निदान मला तसं वाटलं.

राहिलेलं सगळं मी मनापासून खाल्लं. विशेषतः मिसोचं सूप. काळसर लाखेची वाटी दोन्ही हातांनी उचलायची आणि ओठांना लावायची. थोडा वेळ ठेवलं की मिसो ढगासारखा तळाशी बसतो, वरणाची डाळ खाली बसते तसा. खारट, ऊबदार, आणि पाठीमागे एक चव, जिला मराठीत माझ्याकडे नाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुलाने मला तिथल्या बोलीतलं एक वाक्य शिकवलं. मी वाटी खाली ठेवून आजींना ते ऐकवलं, "देऽरेऽ उमेऽ!" लई भारी, असं काहीसं. पाठ्यपुस्तकी जपानी बोलणाऱ्या परदेशी मुलीच्या तोंडी ओकायामाची बोली ऐकून आजींनी टाळी वाजवली. तेव्हापासून माझी वाटी रिकामी राहिली नाही. सकाळी एक, रात्री दोन.

सकाळी निघताना मी पहिल्यांदा 'इत्तेकिमासु' म्हटलं, तेव्हा जिन्यातच थबकले. वर्गात हे वाक्य 'घरातून निघताना म्हणायचं' म्हणून घोकलं होतं. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमासु' म्हणजे येते. जाऊन येते! धातूला 'ऊन' लावून दुसरं क्रियापद जोडायचं, तेही वाक्याच्या शेवटी, रचनासुद्धा तीच. आणि आतून उत्तर यायचं, 'इत्तेराश्शाइ', जाऊन ये. 'जाते' म्हणू नये हे मला माझ्या आजीने शिकवलं होतं. इथे, इतक्या दूर, एक आख्खा देश रोज सकाळी तेच म्हणत होता. पाचव्या दिवशी फोनकार्ड लावून आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ते राहू दे. पोटाला नीट मिळतं ना गं?" मी म्हटलं, "अगदी. रोज वरणासारखं सूप असतं."

नवव्या दिवशी संध्याकाळी मी परतले तेव्हा आजी स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून काहीतरी निवडत बसल्या होत्या. आमच्या घरी मेथी निवडतात तशा. मी दप्तर टाकलं आणि मदतीला बसले. जवळून पाहिलं तेव्हा कागदावर दोन ढीग होते. एका ढिगात चंदेरी, बोटभर लांबीचे वाळलेले मासे, दुसऱ्यात त्यांची डोकी. डोळ्यांसकट. "इरिको," आजी म्हणाल्या. "डोकं आणि पोट काढलं की कडू होत नाही. रात्री पाण्यात टाकायचे, सकाळी दाशी तयार."

दाशी म्हणजे पाण्यात उतरवलेला स्वाद. सूप, भाजी, भज्यांबरोबरची चटणी, सगळ्याचा पाया. सेतो समुद्राच्या काठच्या घरांत तो बहुधा या इरिकोचा असतो. म्हणजे नऊ दिवस, रोज तीन वाट्या.

फसवलं कुणीच नव्हतं. मी मासा खात नाही म्हटलं होतं, आणि मासा त्यांनी मला दिला नव्हता. दाशी म्हणजे मासा नव्हे. दूध घेत नाही म्हणणाऱ्या पाहुण्याच्या वरणभातावर आपणही तुपाची धार सोडतोच की. तूप म्हणजे दूध थोडंच!

त्या रात्री मी सूप प्यायले. दुसऱ्या दिवशीही. कारण मी स्वतःला असं सांगितलं, की आता बोलले तर नऊ दिवस आपण या मुलीला काय पाजलं हे त्यांना कळेल, आणि ते त्यांना सोसणार नाही. हे खरं होतं. पण अर्धंच खरं. मला ते सूप आवडत होतं. माहीत नसताना आवडलं होतं आणि माहीत झाल्यावरही आवड कमी झाली नव्हती. घास घशाखाली उतरत नाही वगैरे म्हणतात तसं काही झालं नाही. लाज वाटली ती त्याची.

आजींच्या नजरेतून काही सुटत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता देऽरेऽ उमेऽ म्हणत नाहीस?" मग मी सांगितलं. मोडक्या वाक्यांत, आमच्या घरी पाण्यात मासा उकळला तर ते पाणीही चालत नाही, असं. ओकाऽसाननी हातातला डाव खाली ठेवला, जमिनीवर गुडघे टेकले आणि डोकं वाकवलं. "मोऽशिवाके नाइ," त्या म्हणाल्या. द्यायला सबबच नाही. मी परत परत सांगत राहिले, की चूक माझी आहे, शब्द मी चुकीचा निवडला. वाकलेल्या माणसासमोर उभं राहून हे सांगता येईना, म्हणून मीही खाली बसले. मुलगा भाताची वाटी हातात धरून आम्हा दोघींकडे बघत होता.

कोंडी आजींनी फोडली. "म्हणजे शोऽजिन," त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं. सोपं आहे."

शोऽजिन म्हणजे देवळातला, भिक्षूंचा आहार. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही, आमच्या चातुर्मासासारखा. घरात कुणी गेलं की पूर्वी एकोणपन्नास दिवस घरोघरी हेच शिजायचं. सासू गेली तेव्हा आजींनी केलं होतं. दाशी कोंबु नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि वाळलेल्या शिइताके अळिंब्यांची. हा शब्द मी पुढे शोधला. बौद्ध ग्रंथांतल्या संस्कृत 'वीर्य' या शब्दाचा तो चिनी अनुवाद. वीर्य म्हणजे चिकाटी, प्रयत्न. तो चीनमार्गे जपानात गेला आणि तिथे ताटापर्यंत पोचला. मला जो शब्द अर्जात लिहिता आला नव्हता तो आपल्याच बाजूने निघाला होता आणि माझ्या कित्येक शतकं आधी या घरात येऊन राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून ओटीवर दोन भांडी दिसू लागली. एक सगळ्यांचं, एक माझं. अडीच महिने ओकाऽसान रात्री निजण्याआधी माझ्या भांड्यात कोंबु भिजत घालत. सूप चांगलं असे. पण ते सूप नसे. त्या पाठीमागच्या चवीची जागा वेगळ्या, मवाळ चवीने घेतली होती. १९०८ साली इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने कोंबुमधल्या चवीचा शोध घेऊन तिला 'उमामी' हे नाव दिलं, हे मी नंतर वाचलं. मला हवी होती ती शेजारच्या भांड्यातली. मी रोज 'देऽरेऽ उमेऽ' म्हणत राहिले. आता ते खोटं होतं आणि आधीपेक्षा जास्त मोलाचंही होतं. आईलाही मी फोनवर काही सांगितलं नाही. ती २०१६मध्ये गेली, तोवरही नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही कोराकुएन बागेत गेलो. सतराशे साली पूर्ण झालेली ही बाग. पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्यावरून बेतलेलं आहे. मी आजही तिथल्या पाण्याच्या कडेने चालताना ओकाऽसानच्या मागोमाग चालल्यासारखी चालते. स्टेशनवर त्यांनी 'सायोनारा' म्हटलं नाही. "इत्तेराश्शाइ," म्हणाल्या. मी "इत्तेकिमासु" म्हटलं. त्यातलं 'जाऊन' झालं. 'येते' अजून व्हायचं आहे.

गेल्या वर्षी मी एका जपानी कथेचा अनुवाद केला. कथेत एक कुटुंब सकाळी मिसोचं सूप पितं. मुद्रितावर संपादकांनी तळटीप सुचवली होती, 'आंबवलेल्या सोयाबीनपासून केलेलं शाकाहारी सूप'. मी 'शाकाहारी' हा शब्द खोडला. त्यांनी फोन करून कारण विचारलं. मी म्हटलं, त्या घरात दाशी कशाची करतात ते लेखकाने लिहिलेलं नाही, मग आपण कसं सांगणार? त्यांना ते पटलं, आणि ते खरंही होतं. बाकीचं मी त्यांनाही सांगितलं नाही.